जास्तीचं पेट्रोल कुठून आलं?

अमेरिकन मोटर्स कंपनीने १९५७ च्या रॅम्बलर रेबेल गाडीसाठी छापलेल्या मालक-पुस्तिकेत 'इलेक्ट्रोजेक्टर' नावाच्या यंत्रणेची रीतसर माहिती आहे. कार्बोरेटरऐवजी विजेवर उघडझाप करणारे इंजेक्टर आणि त्यांना हुकूम देणारी एक इलेक्ट्रॉनिक पेटी, अशी ती रचना. ३२७ घनइंचांचं इंजिन कार्बोरेटरवर २५५ अश्वशक्ती देतं आणि या यंत्रणेवर २८८, असं कंपनीने जाहीर केलं होतं. हातात एवढीच पुस्तिका असती, तर १९५७ साली अशा गाड्या रस्त्यावर धावत होत्या असं कोणीही लिहून मोकळा झाला असता. प्रत्यक्षात इलेक्ट्रोजेक्टर बसवलेली एकही रेबेल ग्राहकाला मिळाली नाही. मोजक्या चाचणी-गाड्या तयार झाल्या. उबदार हवेत त्या व्यवस्थित चालल्या, पण गारठा पडताच सुरू व्हायला त्रास देऊ लागल्या.

म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या गाडीबद्दलची 'सुरू होत नाही' ही तक्रार तिच्या पहिल्या विक्रीपेक्षाही जुनी आहे. पुढे तिला दुसरी तक्रार चिकटली: सुरू झालीच तर रिच चालते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातं. काळा धूर, पेट्रोलचा वास, काजळलेले प्लग, घसरलेलं ॲव्हरेज. गॅरेजमध्ये या जोडीला वर्षानुवर्षं एकच कारण सांगितलं गेलं, की 'कॉम्प्युटर गेला'. पेटंटं, कायद्याची राजपत्रं, सर्व्हिस मॅन्युअलं, वायरिंगचे नकाशे आणि सुट्या भागांवरचे क्रमांक एकत्र ठेवून वाचले, तर हा आरोप बहुतेक वेळा टिकत नाही. पेटीला जे सांगितलं गेलं, तेच तिने केलं. चुकलं ते सांगणाऱ्यांचं. आणि ही यंत्रणा म्हातारी झाली की सांगणाऱ्यांच्या चुका जास्त करून एकाच दिशेला, जास्त पेट्रोलच्या दिशेला झुकतात. हे कागदांवरून कसं दिसतं, ते इथे मांडायचं आहे.

सुरुवात बेंडिक्सपासून करावी लागते. इलेक्ट्रोजेक्टर बेंडिक्स कंपनीचा. विंक्लर आणि सटन या तिच्या दोन अभियंत्यांनी १९५७ मध्ये अमेरिकेतल्या मोटार-अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्यावर निबंध वाचला. त्याच यंत्रणेचं २,९८०,०९० क्रमांकाचं अमेरिकी पेटंट १८ एप्रिल १९६१ रोजी मंजूर झालं. ही दोन साधनं वेगवेगळ्या प्रकारे वाचायला हवीत. पेटंटमधून कळतो तो शोधकर्त्याचा हेतू आणि हक्काची मर्यादा. यंत्र रस्त्यावर कसं वागलं याचा पुरावा त्यात नसतो. तरी एक गोष्ट पेटंटमध्ये स्पष्ट आहे. पेट्रोलचा दाब कायम ठेवायचा आणि इंजेक्टर किती वेळ उघडा राहतो एवढ्यावरच पेट्रोलचं माप ठरवायचं. तो वेळ ठरवण्यासाठी इंजिनाच्या मॅनिफोल्डमधला दाब, फेऱ्या आणि तापमान या गोष्टी विजेच्या रूपात पेटीपर्यंत आणायच्या. आजच्या प्रत्येक पेट्रोल गाडीच्या मुळाशी हीच कल्पना आहे.

क्रायस्लरने ती १९५८ मध्ये बाजारात आणून पाहिली. क्रायस्लर ३०० डी, डीसोटो ॲडव्हेंचरर, डॉजची डी-५०० आणि प्लायमाउथ फ्युरी मिळून ३५ गाड्यांवर इलेक्ट्रोजेक्टर बसला. त्यांतल्या बहुतेक गाड्यांवर नंतर कार्बोरेटर चढवले गेले. त्या काळचं तंत्र पाहिलं, तर ही माघार समजण्यासारखी आहे. बॉनेटखालची उष्णता, ओल आणि हादरे सोसून वर्षानुवर्षं एकच माप देणारे इलेक्ट्रॉनिक भाग तेव्हा मोटारीसाठी तयारच झाले नव्हते. बेंडिक्सचे हक्क पुढे जर्मनीच्या बॉशने परवान्यावर घेतले. तिथे ज्या मंडळींनी हे काम तडीला नेलं, त्यांत हेर्मान शोल हे तरुण अभियंते होते. हेच शोल पुढे संपूर्ण बॉश कंपनीचे प्रमुख झाले.

१९६७ मध्ये बॉशने डी-जेट्रॉनिक जाहीर केली आणि अमेरिकेला जाणाऱ्या १९६८ च्या फोक्सवॅगन १६०० गाड्यांवर ती बसली. मोठ्या संख्येने विकली गेलेली ही पहिली इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन यंत्रणा. अमेरिकेच्या प्रदूषण-कायद्यामुळे ती आली, असं सहसा एका वाक्यात सांगितलं जातं. मूळ कागद पाहिला, तर ते वाक्य जरा सैल वाटतं. मार्च १९६६ च्या अमेरिकी राजपत्रात १९६८ च्या गाड्यांसाठी मर्यादा छापल्या आहेत. १४० घनइंचांवरच्या इंजिनाला हायड्रोकार्बन २७५ पीपीएम आणि कार्बन मोनॉक्साइड दीड टक्का. पण ५० ते १०० घनइंचांच्या छोट्या इंजिनाला ४१० पीपीएम आणि २.३ टक्के. फोक्सवॅगन १६०० चं इंजिन १,५८४ सीसीचं, म्हणजे ९७ घनइंचांच्या आतलं. तिला सैल मर्यादा लागू होती. त्याच वर्गात मोडणारी १,४९३ सीसीची बीटल त्याच वर्षी, त्याच देशात कार्बोरेटरवर विकली जात होती; अमेरिकेतल्या बीटलला इंजेक्शन १९७५ च्या मॉडेलपासून मिळालं. तेव्हा निव्वळ १९६८ ची मर्यादा पाळण्यासाठी इंजेक्शन अपरिहार्य होतं, असं म्हणता येत नाही. पुढे नियम घट्ट होत जाणार हे उघड होतं, आणि त्याआधी महागड्या मॉडेलवर नवं तंत्र रुळवून घेणं कंपनीच्या हिताचं होतं, हा अर्थ मला कागदांशी जास्त जुळणारा वाटतो. याचा परिणाम मात्र सामान्य मालकाला भोगावा लागला. कार्बोरेटरवर हात बसलेल्या हजारो मेकॅनिकांपुढे एकदम अशी गाडी आली, जिच्यात पेट्रोलचं माप कुठे ठरतं हे डोळ्यांना दिसतच नव्हतं.

ते कुठे ठरतं, हे वायरिंगच्या नकाशात दिसतं. डी-जेट्रॉनिकचा सगळ्यांत बोलका कागद तोच आहे. पेटीला पंचवीस पिनांचा एक लांबट प्लग लागतो आणि प्रत्येक तारेवर पिनेचा क्रमांक असतो. ३ ते ६ या तारा इंजेक्टरांकडे जातात. १२, २१ आणि २२ डिस्ट्रिब्यूटरच्या बुडाशी असलेल्या ट्रिगर कॉन्टॅक्टकडे. ७, ८, १० आणि १५ मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या सेन्सरकडे. १८ वरून सेल्फ फिरतोय ही खबर येते, १९ पेट्रोल पंपाची. २३ इंजिनाच्या तापमानाची, १ आत येणाऱ्या हवेच्या तापमानाची. आणखी काही थ्रॉटलच्या स्विचच्या, बाकीच्या वीजपुरवठ्याच्या आणि अर्थिंगच्या.

या नकाशात काय नाही, ते आता पाहू. सायलेन्सरकडून येणारी एकही तार नाही. इंजिनातून बाहेर पडलेल्या धुरात पेट्रोल उरलं का प्राणवायू उरला, हे पेटीला कळायचा मार्गच नव्हता. डॅशबोर्डवर दोष दाखवणारा दिवा नाही. पेटीत मायक्रोप्रोसेसर नाही, स्मृती नाही. सुटे ट्रान्झिस्टर, रोधक आणि संधारित्र आहेत. समोर आलेल्या विद्युतमानांवरून ती दर खेपेला नव्याने वेळ ठरवते आणि विसरते. अशा यंत्रावर सगळं चुकीचं ठरवल्याचा आरोप ठेवायचा असेल, तर आधी त्याला मिळालेली माहिती खरी होती का, हे तपासलं पाहिजे.

ही तपासणी करता येते, कारण त्या माहितीचे अपेक्षित आकडे मॅन्युअलांत छापलेले आहेत. तापमानाचा सेन्सर घ्या. फोक्सवॅगनसारख्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनात तो सिलिंडर हेडमध्ये असतो, व्होल्व्हो किंवा साबमध्ये कूलंटमध्ये. २० अंश सेल्सियसला त्याचा रोध अडीच हजार ओहमच्या आसपास, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. तापमान वाढलं की रोध कमी होतो. गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, बरंचसं नळीच्या भिंतींना ओल्या थरासारखं चिकटून राहतं. म्हणून गार असताना मुद्दाम जास्त पेट्रोल द्यावं लागतं. कार्बोरेटरवर हे काम चोक करायचा. इथे पेटी २३ नंबरच्या तारेवरचा रोध पाहते. रोध जास्त असेल तर इंजिन गार आहे असं धरून ती इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवते.

आता ती तार तुटली, किंवा सेन्सरचा कनेक्टर नुसता निसटला, तर रोध अनंत होतो. पेटीच्या लेखी इंजिन बर्फाहून गार झालं. तापलेल्या इंजिनात ती पेट्रोल ओतत राहते, प्लग भिजतात, गाडी बंद पडते आणि पुन्हा सेल्फ मारला की आणखी पेट्रोल येतं. रिच चालणं आणि सुरू न होणं या दोन्ही तक्रारी एका सुटलेल्या कनेक्टरमधून निघतात. तार पूर्ण तुटायचीही गरज नाही. पन्नास वर्षांत कनेक्टरच्या पितळेवर गंज चढतो, तारेचे केस आतून तुटतात, सेन्सरचं अर्थिंग मळतं. यांतली प्रत्येक गोष्ट रोध वाढवते आणि वाढलेला प्रत्येक ओहम पेटीला थोडासा जास्त गारठा सांगतो. उलटी चूक, म्हणजे तार शॉर्ट होऊन रोध शून्यावर जाणं, हीसुद्धा घडते. तेव्हा गार इंजिनाला पेट्रोल कमी पडतं आणि सकाळी गाडी हटून बसते. पण झिजणारी वायर शॉर्ट होण्यापेक्षा तुटण्याच्या आणि गंजण्याच्या वाटेला अधिक जाते. रचनेचा कल आणि वयाचा कल इथे एका दिशेला मिळतात.

हाच कल दाबाच्या सेन्सरमध्ये आणखी ठळक दिसतो, आणि या गोष्टीच्या इतिहासात माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार आहे. ॲल्युमिनियमच्या डब्यासारख्या या सेन्सरमध्ये हवा काढून घेतलेल्या चकत्या असतात आणि त्यांच्या हालचालीने एक लोखंडी गाभा दोन वेटोळ्यांमध्ये मागेपुढे सरकतो. पहिल्या वेटोळ्याचा रोध सुमारे ९० ओहम, दुसऱ्याचा सुमारे ३५०. नळीने डबा मॅनिफोल्डला जोडलेला. इंजिन निवांत फिरत असताना मॅनिफोल्डमध्ये निर्वात जास्त, म्हणजे पेट्रोल कमी हवं. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की निर्वात संपतो, दाब बाहेरच्या हवेइतका होतो, पेट्रोल जास्त हवं. डब्यातल्या हालचालीवरून पेटी हे ओळखते.

सुरुवातीच्या फोक्सवॅगनवर पूर्ण ताकदीच्या वेळचं जास्तीचं पेट्रोल देण्यासाठी वेगळा दाबाचा स्विच होता. पुढच्या आवृत्तीत तो स्विच काढून त्याचं काम सेन्सरच्याच आत एका पातळ धातूच्या पडद्याकडे दिलं गेलं. पडद्याच्या एका बाजूला मॅनिफोल्डचा निर्वात, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. कागदावर ही सुधारणाच आहे: एक भाग कमी, दोन तारा कमी, संक्रमण जास्त सुरळीत. पण त्या पडद्याला गाडीच्या प्रत्येक चढउतारागणिक वाकावं लागतं. वर्षानुवर्षं वाकून तो कडेजवळ तडकतो. तडकला की डब्यात निर्वात टिकत नाही, गाभा पूर्ण ताकदीच्या टोकाकडे सरकतो आणि इंजिन निवांत फिरत असतानाही पेटीला वाटतं की चालक घाटात पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून बसला आहे. पेट्रोल त्या हिशोबाने जातं. वेटोळ्यांचा रोध मोजला तर तो ९० आणि ३५० च बरोबर येतो, कारण वीज ठीकच आहे. फुटली आहे ती हवेची बाजू. मीटर लावून 'सेन्सर चांगला आहे' असा निकाल देणारा मेकॅनिक इथेच फसतो आणि पुढचा संशय पेटीवर जातो. तपासणी सोपी आहे. हातपंपाने सेन्सरच्या नळीला निर्वात लावायचा आणि काटा जागेवर राहतो का ते पाहायचं. काटा घसरला तर पडदा गेला.

याच डब्यावर बॉशचा दहा आकडी क्रमांक कोरलेला असतो, आणि तोही एक दस्तऐवजच आहे. पोर्श ९१४ मध्ये १.७ लिटरच्या इंजिनाला ०४९ ने संपणाऱ्या क्रमांकाचा सेन्सर, तर दोन लिटरच्या इंजिनाला ०३७ ने संपणारा. बाहेरून दोन्ही सारखे, कनेक्टर तोच, नळी तीच. आतली जुळणी वेगळी. पन्नास वर्षांत हात बदलत आलेल्या गाडीवर चुकीच्या क्रमांकाचा सेन्सर बसलेला असेल, तर बाकी प्रत्येक भाग निर्दोष असूनही मिश्रण चुकतं, आणि त्याचा सुगावा त्या कोरलेल्या आकड्यांखेरीज दुसरीकडे लागत नाही. दुसरा पुरावा सेन्सरच्या टोकाला असतो. आतला जुळणीचा स्क्रू कारखान्यात लाखेसारख्या कडक पदार्थाने बंद केलेला असे. ते बूच खरवडून काढलेलं दिसलं, तर कोणीतरी आधी इथे हात घालून गेला आहे. तिसरा पुरावा पेटीवरच. नंतरच्या पेट्यांवर मिश्रणाची एक कळ आली. तिचा अंमल इंजिन निवांत फिरत असतानाच चालतो, रस्त्यावरच्या वेगात नाही. ती कळ कमी पेट्रोलच्या टोकापर्यंत फिरवलेली आढळली, तर त्या गाडीच्या मागच्या आयुष्यात काय घडलं याचा अंदाज करता येतो: गाडी रिच झाली, कोणीतरी कळ फिरवून निवांत फिरणं सुधारून घेतलं, आणि मूळ दोष तसाच राहिला.

ट्रिगर कॉन्टॅक्टचं थोडक्यात सांगतो. इंजेक्टर केव्हा उघडायचे ते यांच्यावरून कळतं. हे झिजले किंवा मळले की खेपा चुकतात, इंजिन धक्के देतं, कधी एका फेरीत दोनदा इशारा जाऊन पेट्रोल वाढतं. काढून, साफ करून, रोध मोजून हा प्रश्न सुटतो.

दिशा एकच असते असं सरसकट म्हणता येणार नाही. थकलेला पंप आणि तुंबलेला फिल्टर दाब पाडतात, पेट्रोल कमी जातं. इंजेक्टरच्या जाळीत कचरा साचला तरी तेच. पण यांच्या समोर रिचच्या बाजूला उभी असलेली यादी लांब आहे: परतीची नळी चेपली तर दाब वाढतो, इंजेक्टरची गादी झिजली तर थेंब गळतो, थंडीत सुरू करण्यासाठी बसवलेला जादा इंजेक्टर नीट मिटला नाही तर तो मॅनिफोल्डमध्ये सतत पेट्रोल झिरपवतो. मॅनिफोल्डच्या एखाद्या होजला चीर पडून बाहेरची हवा आत शिरली, तर डी-जेट्रॉनिकमध्ये मिश्रण पातळ न होता दाब वाढलेला दिसतो आणि पेटी त्या हवेच्या जोडीला पेट्रोलही वाढवते; इंजिन नुसतं जोरात फिरू लागतं. हवेचा प्रवाह मोजणाऱ्या पुढच्या पिढीच्या यंत्रणेत हीच चीर मिश्रण पातळ करते. एका गाडीवर शिकलेला नियम दुसरीवर उलटा पडतो, म्हणून मॅन्युअल कोणत्या यंत्रणेचं आहे हे आधी पाहावं लागतं.

त्या काळची मॅन्युअलं ज्या क्रमाने तपासणी करायला सांगतात, तो क्रमच पेटीच्या बाजूने दिलेली साक्ष आहे. आधी इंजिन: प्लग, इग्निशन, कॉम्प्रेशन, टायमिंग. मग पेट्रोलचा दाब, गेज लावून. फोक्सवॅगनमध्ये तो दोन बार म्हणजे सुमारे २९ पीएसआय, व्होल्व्हो १८०० ई मध्ये त्याहून किंचित जास्त. किल्ली फिरवली की पंप एक-दोन सेकंद गुणगुणून थांबतो, एवढ्यावरून पंप आणि त्याची रिले यांची पहिली हजेरी लागते. मग पेटीचा प्लग काढून पिनांच्या जोड्यांमधला रोध मोजायचा. इथली खुबी अशी, की सेन्सरपाशी न मोजता पेटीच्या टोकाला मोजलं जातं. त्यामुळे सेन्सरसोबत मधली तार आणि कनेक्टरही तपासून होतात. हे सगळं निर्दोष ठरल्यावर, शेवटी, माहीत असलेली चांगली पेटी लावून पाहायची. बॉशने अधिकृत वर्कशॉपांसाठी याच पिनांवर बसणारं खास तपासणी-यंत्र बनवलं होतं. त्या यंत्राच्या रचनेतही हाच क्रम होता. ज्या कंपनीने पेटी बनवली, तिने तिच्यावर शेवटी संशय घ्यायला सांगितलं.

ही शिस्त रस्त्यावरच्या गॅरेजपर्यंत पोचली नाही, आणि त्याबद्दल त्या मेकॅनिकांना दोष देणं मला पटत नाही. तपासणी-यंत्र महागडं, मॅन्युअल अधिकृत विक्रेत्याकडे, प्रशिक्षण त्याच्याच माणसांना. हाती मीटर आणि आकड्यांचा तक्ता नसलेला माणूस जे ओळखीचं आहे त्याकडेच वळणार. अमेरिकेत कितीतरी पोर्श ९१४ गाड्यांवरून इंजेक्शन उतरवून कार्बोरेटर बसवले गेले. क्रायस्लरच्या ३५ गाड्यांचं १९५८ नंतर जे झालं, तेच पुन्हा, मोठ्या प्रमाणावर. फरक एवढाच की या वेळी यंत्रणा बरीच भरवशाची होती आणि तिची सगळी मापं छापलेली होती.

'सुरू होत नाही' या तक्रारीचाही एक भेद मॅन्युअलं काळजीपूर्वक करतात: गार असताना की गरम असताना? रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू होत नसेल आणि एकदा तापली की रिच चालत असेल, तर ते दोन वेगळे दोष असू शकतात. सकाळी जादा इंजेक्टर उघडतच नसेल, कारण त्याला चालू-बंद करणारा थर्मो-टाइम स्विच गेला आहे. आणि नंतर दाबाच्या सेन्सरचा पडदा फाटल्यामुळे पेट्रोल वाढत असेल. सकाळी एका सेल्फला सुरू होणारी गाडी बाजारातून परतल्यावर पंधरा मिनिटांनी हटून बसत असेल, तर संशय गळणाऱ्या इंजेक्टरवर, गळणाऱ्या जादा इंजेक्टरवर किंवा तापमानाच्या तारेवर. इंजिन बंद केल्यावर गेजवरचा दाब किती वेळ टिकतो, हे पाहिलं की अर्धा उलगडा होतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्यावर गाडी खोकत सुरू झाली, तर आत पेट्रोल साचलं होतं हे नक्की. डिपस्टिकच्या तेलाला पेट्रोलचा वास येत असेल, तर तेल बदलल्याशिवाय गाडी चालवू नये; पातळ झालेलं तेल बेअरिंगांना वाचवत नाही.

पुढची वाट कागदांवर भराभर उमटते. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून एल-जेट्रॉनिक आली, हवेचा प्रवाह पाकळीने मोजणारी. तिच्यात दाबाच्या रेग्युलेटरला मॅनिफोल्डची नळी जोडली गेली आणि दोषाची एक नवी वाट उघडली. रेग्युलेटरचा पडदा फाटला, की पेट्रोल त्या नळीतून थेट मॅनिफोल्डमध्ये ओढलं जातं. नळी काढून तिच्यात ओल दिसली तर निदान संपलं. १९७६ मध्ये व्होल्व्होने कॅलिफोर्नियासाठीच्या गाड्यांवर बॉशचा लॅम्डा सेन्सर बसवला. सायलेन्सरच्या नळीतून पेटीकडे परत येणारी पहिली तार ती हीच. मिश्रण रिच असलं की हा सेन्सर सुमारे ०.८ व्होल्ट देतो, पातळ असलं की ०.२ च्या खाली. पण तो तीनशे अंशांच्या आसपास तापल्याशिवाय बोलत नाही. इंजिन गार असतानाचा सगळा कारभार अजूनही त्या जुन्या तापमान-सेन्सरच्या शब्दावरच चालतो. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलपासून गाडीने स्वतःचा दोष दिव्याने सांगावा असा नियम केला, आणि १९९६ पासून संपूर्ण अमेरिकेत एकसारखी ओबीडी-२ पद्धत लागू झाली.

आपल्याकडे हा क्रम वेगळ्या तारखांना घडला. २९ एप्रिल १९९९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने राजधानी क्षेत्रात प्रदूषणाच्या युरो नियमांच्या तारखा अलीकडे आल्या, आणि काही महिन्यांतच कार्बोरेटरच्या छोट्या गाड्यांची जागा एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनच्या गाड्या घेऊ लागल्या. मुंबईत भारत स्टेज-२ चे नियम २००१ पासून आले. गाडीने स्वतःचा दोष ओळखण्याची सक्ती मात्र भारत स्टेज-४ बरोबर, एप्रिल २०१० पासून. तिचा पूर्ण टप्पा २०१३ मध्ये. मधल्या दहा वर्षांत महाराष्ट्रात विकल्या गेलेल्या असंख्य गाड्या इंजेक्शनच्या आहेत, पण दोष सांगण्याची सक्ती त्यांच्यावर नव्हती. त्यांच्यात दिवा असला तरी तो किती बोलेल, हे कंपनीच्या मर्जीवर होतं. त्या गाड्या आज जुन्या झाल्या आहेत आणि गॅरेजमध्ये तीच दुहेरी तक्रार घेऊन उभ्या राहतात.

त्यांच्यासाठी एक साधन मात्र घरोघरी पडून आहे: पीयूसीच्या पावत्या. ऑक्टोबर २००४ पासून लागू झालेल्या नियमानुसार भारत स्टेज-२ आणि स्टेज-३ च्या पेट्रोल चारचाकीला निवांत फिरताना कार्बन मोनॉक्साइड अर्धा टक्का आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएम ही मर्यादा आहे. त्याआधीच्या गाड्यांना तीन टक्के आणि १,५००. मालक पावतीवर फक्त मुदतीची तारीख बघतो. मोजणी प्रामाणिकपणे झाली असेल, तर त्या दोन आकड्यांत निदान दडलेलं असतं. कार्बन मोनॉक्साइड वाढला, म्हणजे पेट्रोल जळायला हवा पुरली नाही, मिश्रण रिच. हायड्रोकार्बन एकटाच वाढला आणि मोनॉक्साइड कमीच राहिला, म्हणजे पेट्रोल पेटलंच नाही. मिसिंग आहे, प्लग-कॉइलकडे पाहा. दोन्ही वाढले, तर रिच मिश्रणाने प्लग भिजवलेले असण्याची शक्यता मोठी. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीतही हे लपत नाही, कारण मोनॉक्साइड जाळायला कन्व्हर्टरला प्राणवायू लागतो आणि रिच धुरात तोच नसतो.

पावत्या तारखेने लावल्या आणि शेजारी गॅरेजची बिलं ठेवली, की क्रम जुळू लागतो. मोनॉक्साइडचा आकडा कोणत्या सहामाहीत चढायला लागला? त्याआधी कूलंट बदलताना कोणी तापमान-सेन्सरचा कनेक्टर काढला होता का? थर्मोस्टॅट काढून टाकल्याची नोंद आहे का? थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन हायवेवर पूर्ण तापत नाही, आणि पेटी दिवसभर गार इंजिनाचं पेट्रोल देत राहते. बिलात 'ईसीएम बदलला', म्हणजे पेटी बदलली, असं असेल, तर त्याच्या पुढच्या पावतीवर आकडा उतरला की तसाच राहिला? तसाच राहिला असेल, तर जुनी पेटी निर्दोष होती. आणि मीटर लावायचा तो कूलंटच्या त्या दोन तारांच्या सेन्सरला, आधी गार इंजिनावर आणि मग पंखा सुरू होईपर्यंत तापवून.